रेडा ‘संपला’ म्हणायच्या आधी मे महिना आठवा

पत्र थोडक्यात, नाव-गाव गाळून:

तापीकाठच्या एका गावातून आलंय. वाचक पस्तिशीतले, घरी कपाशी, मका आणि सहा म्हशी. चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाने कर्ज काढून हरियाणातून मुऱ्हा रेडा आणला, आता तो सहा वर्षांचा आहे. आजूबाजूच्या चार-पाच खेड्यांतल्या म्हशी त्याच्याकडे येतात, एका वेळेचे पाचशे रुपये मिळतात आणि त्यावर घरातलं बरंच काही भागतं. यंदा आखाजीपासून आषाढ संपेपर्यंत वीसेक म्हशी दाखवल्या, त्यातल्या बारा-तेरा उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या). आता पारावर बोलणं सुरू झालंय की रेडा संपला. वडील म्हणतात नजर लागली, उतारा टाका. थोरला भाऊ म्हणतो पोळ्याच्या आत लांबच्या बाजारात विकून टाकू, तिथे कोणाला काय माहीत. आणि तालुक्याच्या औषध दुकानात बसलेल्या एका कंपनीच्या माणसाने सांगितलं की हा ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ आहे, अँटीऑक्सिडंट पावडरची बादली घ्या, पंधरा दिवसांत फरक पडेल. बादली बत्तीसशेची, आणि दोन लागतील म्हणे.

वाचक लिहितात: “डॉक्टरताई, रेडा दिसायला एकदम टकाटक आहे, म्हैस दिसली की दोर तोडतो. खायला काही कमी नाही, रोज चार किलो सरकीची ढेप आणि वरून भिजवलेली सरकी चालूच राहते. मग झालं काय? बादली घेऊ का रेडा विकू? आणि ज्यांच्या म्हशी उलटल्या ते समोर दिसले की मी रस्ता बदलून राहिलो, त्यांना काय सांगू?”

*

भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज, जाता जाता लिहून गेलात. सरकीचं. त्यावर येतेच, पण आधी दुसऱ्या एका गोष्टीबद्दल विचारायचंय. दोष रेड्याचाच आहे हे कोणी ठरवलं?

आखाजी ते आषाढ हा आपल्याकडे म्हशीसाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ. भुसावळ-जळगावला पारा 44-45च्या पुढे जातो, म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूप कमी, डुंबायला पाणी मिळालं नाही तर तिचा माजच दबतो. येतो तो मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं फारशी न दिसणारा, बऱ्याचदा रात्री, थोडा वेळ. मालक सकाळी पाहतो, जरा सोट (चिकट स्राव) दिसला की दोर धरून तुमच्याकडे आणतो, तोवर वेळ निघून गेलेली राहते. अशी म्हैस जगातल्या कुठल्याही रेड्याला दाखवली तरी उलटणारच. म्हणून पहिलं काम, वही काढा. वही नसेल तर आज बसा आणि आठवून लिहा, कोणाची म्हैस, कधी दाखवली, कधी उलटली, आधी किती वेळा व्यायलेली, मागच्या वेळी जार अडकला होता का. बरोबर 20-22 दिवसांनी उलटली तर एक अर्थ निघतो (गर्भ धरलाच नाही), आणि पस्तीस-चाळीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा माजावर आली तर वेगळा, म्हणजे गर्भ धरून नंतर गेला असण्याची शक्यता, किंवा मधला एखादा मुका माज कोणाला दिसलाच नाही. आणि त्या बारा-तेरा म्हशींपैकी काहींनी नंतर डॉक्टरकडून भरून (कृत्रिम रेतन करून) घेतलं असेल, त्या गाभण राहिल्या का तेही विचारा. तिथे पटकन राहिल्या असतील तर मात्र बोट तुमच्या रेड्याकडे जातं.

वीसातल्या बारा-तेरा हे मलाही जास्त वाटतंय, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्याचा वाटा काढूनसुद्धा जास्तच. त्यामुळे रेडा तपासायचाच, पण ‘संपला’ हा शब्द आत्ता वापरायचा नाही.

दुसरा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, सगळ्या खान्देशाचा आहे, किंबहुना सगळ्या पुरुष जातीचा म्हणा, की जोर आहे म्हणजे बीज आहे. दोर तोडणं हे हार्मोनचं काम, वीर्यातले शुक्राणू कसे आहेत ही पूर्ण वेगळी गोष्ट. चकचकीत कातडीचा, माजलेला, म्हशीवर धडाधड चढणारा रेडा असतो आणि मायक्रोस्कोपखाली निम्मे शुक्राणू नुसते जागच्या जागी थरथरताना दिसतात. उलटंही दिसतं, सुस्त रेडा आणि वीर्य एक नंबर.

आता तो कंपनीवाला. त्याने नाव बरोबर सांगितलंय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही काही त्याने काढलेली भानगड नाही, अगदी 1940च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवलंय की वळूच्या वीर्यातले शुक्राणू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यानेच स्वतः गारद होतात. समजायला सोपं आहे. घरात शेंगदाण्याचं कूट जास्त दिवस राहिलं की खवट होतं ना, ते त्यातल्या तेलाला ऑक्सिजन लागून होतं. शुक्राणूचं बाहेरचं आवरण अशाच पातळ, लवकर खवट होणाऱ्या चरबीचं बनलेलं असतं, आणि रेड्याच्या शुक्राणूचं हे आवरण वळूच्या शुक्राणूपेक्षाही नाजूक समजतात. ते खवट झालं की शेपटी नीट हलत नाही, पुढे जायची ताकद संपते, अंड्याला भिडल्यावर आत शिरता येत नाही. शरीरातल्या बाकीच्या पेशींकडे दुरुस्तीचं सामान राहतं, शुक्राणूकडे नाही, कारण पळायला हलकं व्हावं म्हणून तयार होताना तो जवळजवळ सगळं अंगावरचं मांस टाकून देतो, डोकं, मधे इंजिन आणि शेपटी एवढंच उरतं. त्या डोक्यातला डीएनए तुटला तर तोही त्याला सांधता येत नाही. आणि खरी गोम इथे आहे, डीएनए तुटलेला शुक्राणू पोहतो छान, अंड्यापर्यंत पोचतो, गर्भ धरतोही, आणि तो गर्भ सुरुवातीच्या दिवसांतच जिरतो. मालकाला वाटतं म्हैस राहिली आणि मग महिना-सव्वा महिन्याने ती पुन्हा माजावर. वहीत तारखा लिहा म्हटलं ते याच्यासाठी.

हा ऑक्सिजनचा त्रास सगळाच वाईट असंही नाही हं. शुक्राणू म्हशीच्या गर्भाशयात गेल्यावर अंड्यात शिरायला तयार होतो, त्या तयारीला हेच फ्री रॅडिकल (म्हणजे आवरण खवट करणारे ऑक्सिजनचे कण) थोडे लागतात. म्हणून ‘जितकं अँटीऑक्सिडंट (हे खवट होणं रोखणारं द्रव्य) तितकं चांगलं’ हे गणित मुळातच चुकीचं आहे. शरीर दोन्ही बाजू तोलून धरतं, तोल गेला की त्रास.

मग तुमच्या रेड्याचा तोल कशाने गेला असेल? मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही तुमच्या गोठ्यातच आहेत.

पहिली ऊन. वृषण पोटाबाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा 2 ते 6 अंश कमी तापमान लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता हे जमत नाही. वृषण तापले की आतल्या पेशींचं काम वाढतं, ऑक्सिजनची गरज वाढते पण रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही, सगळा कारभार बिघडतो आणि फ्री रॅडिकलचा धूर निघायला लागतो. हा मार आज बसला तर आज दिसत नाही! शुक्राणू तयार व्हायला वळूमध्ये 61 दिवसांच्या आसपास लागतात, रेड्यात त्याहून कमी, त्याच्यापुढे नळीत पिकायचे आणखी काही दिवस. मी लोकांना सरळ दोन-अडीच महिन्यांचा हिशोब धरायला सांगते. म्हणजे जुलैत तुमच्या रेड्याने जे वीर्य टाकलं ते मे-जूनमध्ये भाजून निघालेलं होतं. जुलैत पाऊस पडला, गार झालं, लोक म्हणाले आता तर हवा चांगली आहे तरी म्हशी उलटतात म्हणजे रेडाच गेला. हवा जुलैची होती भाऊ, माल मे महिन्याचा होता.

दुसरी सरकी. आपल्या भागात कपाशी आहे म्हणून ढेप स्वस्त, हाताशी, आणि दुधाला फॅट लागते म्हणून घरोघरी. दुभत्या म्हशीला बेताने दिली तर माझं काही म्हणणं नाही. पण कपाशीच्या बीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, किडींपासून वाचायला झाडाने स्वतःच बनवलेलं (बीटीमुळे आलं असं काहीजण म्हणतात, तसं नाही, बीटी यायच्या हजारो वर्षं आधीपासून ते कपाशीत आहे). हे गॉसिपॉल नेमकं शुक्राणूच्या मधल्या भागावर, म्हणजे इंजिनावर बसतं आणि तिथे फ्री रॅडिकल वाढवतं. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात, त्यावरून हे कळलं आणि 1970च्या दशकात तिथे पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून गॉसिपॉलच्या मोठ्या चाचण्या झाल्या. रक्तातलं पोटॅशियम घसरायला लागलं आणि काहींचं बीज परत आलंच नाही म्हणून तो नाद सोडून दिला. (घरातलं रिफाइंड सरकीचं तेल घाबरून फेकू नका, रिफाइंड करताना ते काढून टाकतात.)

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉल बरंचसं बांधलं जातं म्हणून म्हशी, गायी एरवी तग धरतात. पण प्रमाण वाढलं की तेही पुरत नाही. गरम करून पिळलेल्या ढेपेत मोकळं गॉसिपॉल कमी असतं, अख्ख्या सरकीत भरपूर, आणि तुम्ही तर दोन्ही देताय, रोज, ते पण पैदाशीच्या रेड्याला, ताकद यावी म्हणून! प्रेमानेच देताय हे कळतंय मला. तरी उद्यापासून अख्खी सरकी पूर्ण बंद आणि ढेपही कमी करत करत बंद, निदान पुढचे दोन-अडीच महिने. त्याऐवजी हरभऱ्याची किंवा तुरीची चुनी, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, जमलं तर थोडी सोयाबीनची पेंड. ढेप एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला नाहीतर पोट बिघडेल. आणि पावसाळ्यात कोपऱ्यात ठेवलेली, काळी पडलेली, बुरशीचा वास मारणारी ढेप म्हशींनाही घालू नका, बुरशीचं विष हा वेगळाच ताप आहे आणि तोही शेवटी तिथेच मार करतो.

तिसरी गोष्ट हिरवा चारा, म्हणजे त्याचं नसणं. कंपनीवाल्याच्या बादलीत काय असणार? व्हिटॅमिन ई, सेलेनियम, जस्त, तांबं, थोडं अजून काहीबाही. यातलं व्हिटॅमिन ई आणि कॅरोटीन ताज्या हिरव्या चाऱ्यात फुकट भरलेलं असतं, आणि महिनोन्महिने उन्हात वाळलेल्या कडब्यात जवळपास काहीच उरत नाही. मार्च ते जून तुमच्या गव्हाणीत काय होतं ते आठवा. ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा आणि सरकी. म्हणजे बाहेरून ऊन, पोटातून गॉसिपॉल आणि संरक्षणाला काहीच नाही, तिन्ही एकाच वेळी. आता पावसाळा आहे, बांधावर हिरवं आहे, मका-नेपियर-लसूणघास जे असेल ते रोज पंधरा-वीस किलो द्या. कपाशीवर फवारणी चालू आहे तेव्हा त्या बांधावरचं गवत मात्र कापू नका, कीटकनाशकाचा अंश जाऊन पुन्हा तेच दुखणं. पुढच्या उन्हाळ्यासाठी शेवग्याची पाच-दहा झाडं विहिरीजवळ लावून ठेवा, पाला मे महिन्यातही मिळतो. आणि रोज 50 ग्रॅम चांगलं मिनरल मिक्श्चर, हे मात्र विकत घ्याच, बादलीच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं.

तर मग बादली? माझं मत सांगते, आत्ता घेऊ नका. व्हिटॅमिन ईचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, उलट गॉसिपॉल खाणाऱ्या वळूंना व्हिटॅमिन ई दिल्यावर वीर्य सावरतं असं प्रयोगात दिसलंय. पण ज्या जनावराला कमी पडतंय त्याला फायदा, ज्याला पुरतंय त्याला नुसता खर्च. आणि एका हाताने सरकी चारायची आणि दुसऱ्या हाताने तिचा उतारा म्हणून पावडर चारायची हा कुठला शहाणपणा? पंधरा दिवसांत फरक तर शक्यच नाही, शुक्राणूचं वेळापत्रक वर सांगितलंय, ते कंपनीला विचारून चालत नाही. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही बादली घेतली असती, दोन महिने चारली असती, तोवर सप्टेंबर-ऑक्टोबर आला असता, मे महिन्याचा माल संपून पावसाळ्यातला नवा माल आला असता, म्हशींचाही हंगाम सुरू झाला असता, म्हशी फटाफट राहिल्या असत्या आणि सगळं श्रेय बादलीला! तुम्ही स्वतः दहा जणांना ती घ्यायला सांगितलं असतं. कंपन्यांची अर्धी पुण्याई ही अशी येते.

सेलेनियमबद्दल जरा थांबून सांगते कारण काही पोरं युट्यूब बघून ई-सेलेनियमची इंजेक्शनं स्वतःच टोचायला लागलीत. सेलेनियम लागतं चिमूटभराच्याही चिमूटभर, एक किलो कोरड्या चाऱ्यामागे 0.1 ते 0.3 मिलीग्रॅम, आणि जास्त झालं की विष. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात काही जमिनींतच सेलेनियम जास्त आहे, तिथल्या जनावरांचे खूर वाकडेतिकडे वाढतात, शेपटीचा गोंडा झडतो. म्हणून इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टरने, वजन बघून, आणि बादली, इंजेक्शन, मिनरल मिक्श्चर तिन्हीतून एकदम तर अजिबात नाही.

आता तपासणी. हीच पहिली करायची होती, पण चारा उद्याच बदलता येतो म्हणून तो आधी सांगितला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाऊन सांगा की पैदाशीच्या रेड्याची पूर्ण तपासणी करायचीय, वीर्यासकट. काही ठिकाणी सोय असते, काही ठिकाणी जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात पाठवतील. वीर्य बाटलीत घेऊन एसटीने पाठवायची गोष्ट नाही हे लक्षात ठेवा, ते तिथल्या तिथे गरम असतानाच बघावं लागतं. कृत्रिम योनीत 42-45 अंशाचं पाणी भरून रेडा चढताना वीर्य धरतात, सवय नसलेला रेडा नखरे करतो, मग डॉक्टर मागून हात घालून मालिश करून किंवा मशीनने काढतात. एक थेंब काचेवर. ती काच आधी 37 अंशाला गरम केलेली हवी, गार काचेवर चांगलं वीर्यसुद्धा मेल्यासारखं दिसतं आणि विनाकारण रेड्यावर शिक्का बसतो, तेव्हा बिनधास्त विचारा, काच गरम केली का म्हणून. चांगल्या वीर्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली उकळत्या पाण्यासारखा घुसळताना दिसतो, लाटाच लाटा. मग पुढे जाणारे किती, जिवंत किती, डोकं-शेपटी वाकडी किती हे मोजतात. मधला भाग बिघडलेले जास्त निघाले तर सरकीवरचा माझा संशय पक्का होईल. वृषण हाताने चाचपून मऊ पडलेत का, दोन्ही सारखे आहेत का तेही बघतील.

पहिला नमुना खराब आला म्हणून निकाल लावू नका. रेडा बरेच दिवस बसून असेल तर पहिल्या वेळेस शिळा, मेलेला माल बाहेर येतो, आणि मेलेले शुक्राणू जिवंतांसाठी आणखी पेरॉक्साइड करून ठेवतात. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा काढून दुसरा धरायला सांगा. मग चारा-सावलीचं सगळं सुरू करून साधारण सत्तर-पंच्याहत्तर दिवसांनी पुन्हा. तेव्हाही खराबच निघालं तर मात्र मन घट्ट करून पैदाशीतून काढायचा.

त्याच दिवशी ब्रुसेलाची (जनावरं गाभडवणाऱ्या रोगाची) रक्ततपासणीही करून घ्या. उलटलेल्या म्हशींपैकी एखादी नंतर गाभडली (गर्भ पडला) असेल तर हे फारच तातडीचं, कारण मग हा ऑक्सिजन-बिक्सिजनचा विषयच राहत नाही, रेडा खेड्याखेड्यात रोग वाटतोय असा अर्थ होतो, आणि ब्रुसेला माणसालाही होतो. गाभडलेल्या म्हशीचा जार उघड्या हाताने ओढू नका हे घरात सगळ्यांना सांगा.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी आत्ताच डोक्यात ठेवा. पत्र्यावर पाचट किंवा केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर, किंवा निदान चुना मारून पांढरा करा. दुपारी बारा ते चार रेड्याच्या अंगावर दोन-तीनदा पाणी, ओलं गोणपाट, रावेर-यावलकडच्या लोकांसारखी केळीची बाग असेल तर सरळ तिच्या कडेला सावलीत बांधा, डुंबायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. म्हशी दाखवायच्या त्या पहाटे किंवा रात्री. आणि हंगामात एका दिवशी तीन-तीन म्हशी घेता का? घेत असाल तर थांबवा, आठवड्याला तीन-चारच्या वर नको, पाचशे रुपये दिसतात पण तिसऱ्या म्हशीला जातं ते निव्वळ पाणी.

काही वाचक म्हणतील रेड्याची एवढी कटकट कशाला, सरळ कृत्रिम रेतन करा. माझाही कल तिकडेच आहे, सिद्ध वळू-रेड्यांच्या मात्रा मिळतात, रोगाची भीती कमी. पण तिथेही हेच शत्रू बसलेत. उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवताना आणि परत वितळवताना शुक्राणूला ऑक्सिजनचा सगळ्यात मोठा मार बसतो, म्हणून तर एका स्ट्रॉमध्ये (वीर्याच्या बारीक नळीत) 2 कोटी शुक्राणू भरतात आणि वितळल्यावर निदान निम्मे चालते हवेत असा नियम आहे. स्ट्रॉ काढल्यावर 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट, थर्मामीटर लावून, आणि लगेच भरायची. मे महिन्यात जो माणूस स्ट्रॉ शर्टाच्या खिशात टाकून मोटारसायकलवर पाच किलोमीटर येतो त्याच्याकडून म्हैस भरून घेण्यापेक्षा न भरलेली बरी.

आता विकायचं. पोळ्याच्या आत विकायची घाई म्हणजे नेमकं चुकीच्या महिन्यात विकणं. म्हशींचा खरा हंगाम पावसाळा सरता सरता लागतो आणि थंडीभर चालतो, रेडा सावरला तर कमाई तेव्हाच. आणि नाही सावरला तर लांबच्या बाजारात न सांगता विकून तुमचं दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार, त्यानेही कर्ज काढलेलं असेल, जसं तुमच्या भावाने काढलं होतं. रिपोर्ट सोबत ठेवून विका, पैदाशीसाठी नाही हे सांगून विका, कमी पैसे येतील, येऊ द्या. वडिलांना उतारा टाकायचा असेल तर टाकू द्या, लिंबू-मिरचीने वीर्य बिघडत नाही, त्यावरून घरात भांडण करू नका.

राहिले ते लोक ज्यांना पाहून तुम्ही रस्ता बदलताय. मला वाटतं तुमच्या पत्रातलं खरं ओझं हेच आहे, बादली नंतर आली. त्यांना गाठून सांगा की रेडा तपासायला टाकलाय, रिपोर्ट येईपर्यंत नव्या म्हशी घेत नाही. ज्यांच्या उलटल्या त्यांना पाचशे परत द्यायची ऐपत असेल तर द्या, नसेल तर पुढची वेळ फुकट, आणि इथून पुढे ‘गाभण तपासणी झाली की पैसे’ अशा बोलीवर धंदा ठेवा. सुरुवातीला हातात कमी येईल. पण पारावर जे लोक रेडा संपला म्हणून राहिले तेच उद्या म्हणतील की हा माणूस तपासून देतो. त्यांच्या म्हशींचीही एकदा तपासणी करून घ्या म्हणावं, दोष दोन्हीकडे असू शकतो हे तेव्हा सांगितलं तर ऐकतील, आत्ता तुम्ही तोंड लपवताय तेव्हा कोण ऐकणार.

आणि वीर्य काढायच्या दिवशी थोरल्या भावाला सोबत न्याच. बाजारात विकायचं त्यांच्या डोक्यात आहे ना, मग मायक्रोस्कोपमधून सगळ्यात आधी त्यांनाच बघू द्या.

— तुमची डॉक्टरताई